सकाळी लंगडते, दुपारी पळते

"अजून खाली. पूर्ण बस," तोंडारे सर म्हणाले.

शांभवीला पूर्ण बसता येत नव्हतं. डावा पाय दुमडत होता, उजवा गुडघ्यात अडत होता, आणि दोन्ही हातांनी कान धरलेले असल्यामुळे कशाचा आधार घ्यायचीही सोय नव्हती. प्रार्थना नुकतीच संपली होती. समोर सगळी शाळा रांगा करून उभी होती, पहिलीपासून सातवीपर्यंत.

"ही बघा आपली नाटक कंपनी," सर म्हणाले. रांगांमधून हसणं पसरत गेलं.

मी फाटकाशी उभी होते. तिला सोडून निघालेच होते, पण डबा लूनाच्या हँडलला तसाच लटकत राहिलेला दिसला म्हणून परत फिरले होते. शांभवी म्हणजे माझ्या दादाची मुलगी, चौथीत होती तेव्हा. नऊ वर्षांची. तिनं परत प्रयत्न केला. अर्ध्यात आली, उजवा पाय थरथरला आणि ती कुशीवर पडली. पडतानाही तिनं कान सोडले नाहीत. मला आजही सगळ्यात जास्त चीड त्या गोष्टीची येते, की पडतानासुद्धा त्या लेकराला कान सोडायची भीती वाटली.

मी मैदान ओलांडून गेले आणि तिला उचलून उभं केलं.

"तुम्ही कोण?" सरांनी विचारलं.

"हिची आत्या. काय चाललंय हे?"

"बरं झालं आलात." ते खरंच तसं म्हणाले, शांतपणे. "घरच्यांनीही बघायला हवं. ही पोरगी सकाळी लंगडते, दुपारी पळते. असला आजार कधी ऐकलाय तुम्ही? कवायतीला पाय दुखतो आणि जेवणाच्या सुट्टीत लगोरी खेळते. काल मी स्वतः व्हरांड्यातून बघितलं."

"तिचा गुडघा सुजलाय, सर. नुसता बघा तरी."

"तुम्ही म्हणता म्हणून सुजला. आमच्याकडे कागद आहे, मॅडम. रक्ताची तपासणी झालीये, सगळं नॉर्मल आहे. मी मनानं काही करत नाही."

त्या कागदाबद्दल मी नंतर सांगते. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "नॉर्मल असो नाहीतर नसो, नऊ वर्षांच्या मुलीला असं उभं करायचं नसतं." आणि तिला घेऊन निघाले. मागून कुणीतरी लंगडत चालून दाखवलं असावं, कारण पुन्हा हशा पिकला.

लूनावर तिनं मला पाठीमागून धरलं होतं. 

"लई दुखतंय का गं?" मी विचारलं.

"दुखत नाही एवढं. अडतं." मग विचार करून म्हणाली, "पावसाळ्यात आपल्या न्हाणीघराचं दार फुगतं बघ आत्या, तसं. दहादा हलवलं की सुटतं."

मी लूना घराकडे न नेता सरळ डॉक्टर शेटकारांच्या दवाखान्यात नेली. उदगीरला हाडांचे डॉक्टर म्हणजे तेच. मी गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते, रक्त-लघवी तपासायचे, आणि त्यांच्याकडचे नमुने रोज माझ्याच हातात यायचे, त्यामुळे ओळख होती. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला. पूर्ण वाकला नाही तेव्हा सुई घातली. शांभवीनं माझा दंड इतका आवळला की संध्याकाळपर्यंत वळ राहिले. सिरिंजमध्ये पाणी आलं. निरोगी सांध्यातलं पाणी अगदी थोडं आणि स्वच्छ असतं. हे पिवळं, गढूळ होतं आणि येतच राहिलं.

"तुमच्याच लॅबला पाठवतो," ते म्हणाले. "तूच घेऊन जा."

मी तिला घरी वहिनींकडे सोडलं आणि लॅबमध्ये जाऊन ते पाणी मोजलं. अठरा हजार पांढऱ्या पेशी निघाल्या; निरोगी सांध्यात दोनशेही नसतात. मी मोजण्यात चुकले असेन म्हणून मोजायची काच पुन्हा भरली, पुन्हा तेवढ्याच. मग जंतूंसाठी स्लाइड रंगवली आणि एकेक कोपरा शोधला. टीबीसाठी वेगळी रंगवली. दोन तास डोळा मायक्रोस्कोपला लावून बसले. पेशीच पेशी होत्या, जांभळ्या ठिपक्यांनी भरलेल्या. जंतू एकही नव्हता. पांढऱ्या पेशी जंतूंवर धावून जातात हे मला शिकवलेलं होतं. पण इथे धावून जायला समोर कुणी नव्हतंच. मग एवढ्या जमल्या कशासाठी?

दुपारी मी रिपोर्ट घेऊन शेटकारांकडे गेले. त्यांनी आकडा वाचला आणि म्हणाले, "टीबी. सहा आठवडे प्लास्टर, आणि गोळ्या आजपासून."

"सर, टीबीचे जंतू नाही सापडले."

"सांध्याच्या टीबीत बऱ्याचदा सापडत नाहीत. तुला माहीत नाही का?"

ते खोटं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, "मग कल्चर लावूया ना, पाण्यातून जंतू वाढतात का ते कळेल. तोवर प्लास्टर नको. ती सकाळी अडकते आणि हालचाल झाली की मोकळी होते, सर. पाय बांधून ठेवला तर..."

"ते सकाळ-दुपारचं मला नको सांगू. पोरं थोडी नाटकंही करतात."

"पाण्यात अठरा हजार पेशी आहेत. त्याही नाटक करतायत का?"

त्यांनी चष्मा काढला. "तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग मोजून देत जा. अर्थ लावायला मी आहे. उद्या सकाळी आण तिला."

मी परत लॅबमध्ये आले तेव्हा माझे कान तापले होते. लॅबचे मालक बोळेगावे साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले पॅथॉलॉजिस्ट होते, स्वभावानं भला माणूस. मी त्यांना स्लाइड दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली आणि हळूच म्हणाले, "महानंदा, हे मुलांच्या संधिवातातही असं दिसतं."

"मुलांना संधिवात होतो?"

"होतो. क्वचित, पण होतो."

"मग साहेब, रिपोर्टवर तेवढी एक ओळ लिहा. 'संधिवाताची शक्यता तपासावी.' बस."

त्यांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. "शेटकारांनी टीबी म्हटल्यावर मी असं लिहू? गाव लहान आहे, बाई. त्यांना ते आवडायचं नाही." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "पुण्याला या बाई आहेत. मुलांच्या सांध्यांचंच बघतात. पण मी पाठवलं असं सांगू नकोस."

माणसाला सगळं ठाऊक असतं आणि तो एक ओळ लिहीत नाही. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

घरी वहिनी वाट बघत होत्या. दादा सोलापूरला सूतगिरणीत होता, महिन्यातून एकदा यायचा, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. मी सगळं सांगितलं. प्लास्टर करायचं नाही आणि पुण्याला जायचं म्हणाले.

"एवढे मोठे डॉक्टर टीबी म्हणतायत की ओ, वन्सं."

"वहिनी, माझं मन घेत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पदर खोचून शांभवीचे कपडे पिशवीत भरायला लागल्या. "तुम्ही म्हणाल तसं. तुम्हाला यातलं कळतं."

हे वाक्य त्या मला गेल्या दहा महिन्यांत दुसऱ्यांदा म्हणाल्या होत्या.

पुण्याच्या डॉक्टर मीनल गोसावी बारीक चणीच्या, पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आमच्यापैकी कुणाला काही विचारायच्या आधी शांभवीला विचारलं, "सकाळी उठल्यावर कसं वाटतं?"

शांभवी माझ्याकडे बघायला लागली.

"आत्याकडे नको बघू. पाय तुझा आहे. तू सांग."

तिनं सांगितलं. न्हाणीघराचं दार, अंथरुणातून उठताना आधी डाव्या कुशीवर वळावं लागतं ते, पायऱ्या उतरताना एकेक पाय, आणि दुपारी लगोरी खेळता येते म्हणून तिला स्वतःलाच कधीकधी वाटतं की आपण खोटं बोलतोय, ते. शेवटचं ऐकून वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"तू अजिबात खोटं बोलत नाहीस," डॉक्टर म्हणाल्या. "या आजारात असंच होतं. रात्रभर सांधा हलत नाही, सूज साचते, सकाळी तो आखडतो. हालचाल झाली की सुटतो. तू मला जे सांगितलंस ना, ते आमच्या पुस्तकात जसंच्या तसं आहे."

"टीबी नाही?" मी विचारलं.

"कल्चर बघूच, खात्री करूनच पुढे जाऊ. पण एकाच गुडघ्याला इतके महिने सूज, ताप नाही, सकाळची आखड, आणि पाण्यात एवढ्या पेशी. मला हा संधिवात वाटतो." त्या पुन्हा शांभवीकडे वळल्या. "तुझ्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जंतू घुसला की त्या धावत जातात, त्याला मारतात. काम झालं की त्यांना 'बस झालं, फिरा मागं' असं सांगणाऱ्या पेशीही असतात. तुझ्या गुडघ्यात जंतू नसताना त्या शिरल्यात, आणि मागं फिरवणाऱ्यांचं तिथे काही चालत नाही."

"म्हणजे त्या माझ्याच आहेत?"

"तुझ्याच."

"मग त्यांना कळत नाही का, की हा माझाच गुडघा आहे?"

"नाही कळलं. कुठून तरी चुकीची खबर मिळाली. ती कशी मिळते, हे आम्हालाही अजून नीट माहीत नाही. पण त्यांना शांत करायची औषधं आहेत."

शांभवीनं मान डोलावली. तेवढ्यात डॉक्टरांनी फाइल उलटसुलट करत विचारलं, "डोळे कधी दाखवलेत?"

"डोळे?" वहिनी म्हणाल्या. "डोळ्याला काय झालंय? लाल नाही, दुखत नाही."

"यात होतही नाही लाल. म्हणून तर विचारते."

त्याच पेशी डोळ्यातही शिरतात, मुकाट्यानं. मला हे माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी शांभवीची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली आणि बारीक उजेडाची फट तिच्या डोळ्यांवरून फिरवली. उजवा डोळा लवकर झाला. डाव्यापाशी ते थांबले. मग मला बोलावून म्हणाले, "हिची बाहुली बघा. गोल आहे का?"

गोल नव्हती. एका बाजूनं ओढल्यासारखी, कडेला खाच पडलेली होती. मी मायक्रोस्कोपमधून दिवसभर पेशींचे आकार ओळखणारी बाई, आणि एका ताटात जेवणाऱ्या लेकराची वाकडी झालेली बाहुली मला दिसली नव्हती.

"आतून चिकटलीये," ते म्हणाले. "मोतीबिंदूही धरतोय. बरेच महिने चाललेलं असणार हे. सूज आम्ही उतरवू. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगू शकत नाही."

शांभवी आज एकोणतीस वर्षांची आहे. गुडघ्यात इंजेक्शन दिलं, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चार वर्षं चालली, आणि आता ती लातूरला रोज दोन जिने चढून नोकरीला जाते. पण डाव्या डोळ्यानं तिला समोर माणूस आहे एवढं कळतं. कोण आहे ते कळत नाही.

त्या दिवशी वर परत आलो तेव्हा डॉक्टर गोसावींच्या हातात फाइलमधला एक जुना कागद होता. "गेल्या मार्चमध्ये रक्त तपासलं होतं तुम्ही?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

"आरए फॅक्टर निगेटिव्ह. तो या मुलांमध्ये बहुतेक वेळा निगेटिव्हच असतो, त्यावरून काही ठरत नाही. पण सूज दाखवणारा ईएसआर अठ्ठेचाळीस आहे, तो वीसच्या आत हवा. आणि खाली लिहिलंय, 'सर्व तपासण्या नॉर्मल. कवायतीस हरकत नाही.'" त्यांचा आवाज चढला. "कुणी लिहिलं हे? कुणी डॉक्टरनं? हा कागद कुणी जबाबदार माणसानं लिहिला असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय. दहा महिने! तेव्हा पाठवली असती तर हा डोळा असा झाला नसता."

 वहिनींना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्यांचं ते न बघणं मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

हाच तो कागद. मार्चमध्ये वहिनी म्हणाल्या होत्या, पोरीचा पाय धरतोय, तुम्हाला यातलं कळतं, जरा बघा. मी घरीच रक्त काढलं. मोठ्या माणसांच्या संधिवाताची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. ईएसआर वाढलेला दिसला आणि मी म्हटलं, सर्दीनंही वाढतो. 'वहिनी, काही नाही हो, हाडं वाढतायत. थोडी नाटकंही आहेत,' हे माझे शब्द. मग शांभवीनं कवायतीतून सूट मागितल्यावर शाळेनं पुरावा मागितला, तेव्हा तो रिपोर्ट मीच झेरॉक्स करून दिला. त्याआधी मूळ कागदावर खाली ती ओळ माझ्या अक्षरात लिहिली आणि सही केली. कुणी सांगितलं नव्हतं. शेटकार मला म्हणाले होते, अर्थ लावायला मी आहे. त्यांच्या आधी दहा महिने तो मी लावून बसले होते.

 डॉक्टर गोसावींनी कागद परत फाइलमध्ये लावला. मग कोऱ्या कागदावर त्यांनी आजाराचं नाव, सकाळची आखड, कवायतीचे नियम असं सगळं सविस्तर मराठीत लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. "शाळेला हा द्या. आणि तो काढून घ्या."

पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले. शांभवी बरोबर होती. वहिनीही होत्या. मुख्याध्यापक बाईंनी पुण्याचा कागद वाचला आणि हळहळल्या. "अरेरे. आम्ही काळजी घेऊ. सरांना सांगते मी. या ना, आत बसून बोलू."

"आत नाही," मी म्हणाले. "मला प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मुलांशी बोलायचंय."

"अहो, मुलांसमोर कशाला? शाळेची..."

"शिक्षा आत झाली नव्हती, बाई."

त्यांनी तोंडारे सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "बोलू द्या. मी मनानं काही केलेलं नाही." आवाजात पूर्वीसारखाच शांतपणा होता.

त्याच मैदानावर, त्याच रांगांसमोर मी माइक धरला. मी भाषणं करणारी बाई नाही. काय बोलले ते तुटक होतं, पण सांगते. मी म्हणाले, शांभवीला खरा आजार आहे. तो सकाळी जास्त असतो आणि दुपारी कमी होतो, म्हणून ती सकाळी लंगडते आणि दुपारी पळते. ती कधीच खोटं बोललेली नाही. ती खोटं बोलते असं सांगणारा कागद शाळेकडे होता, तो मी लिहिला होता. मला त्यातलं कळत नव्हतं आणि कळतं असं मी दाखवलं. त्या कागदामुळे तिला तुमच्यासमोर उठाबशा काढायला लावल्या, आणि त्यामुळे तिचं औषध दहा महिने लांबलं. चूक माझी आहे आणि मी तिची माफी मागते. पण ज्यांच्या हातात कागद होता, त्यांच्या डोळ्यांसमोर तिचा गुडघाही होता. मी सरांना म्हटलं होतं, नुसता बघा तरी. त्यांनी बघितला नाही.

कुणी हसलं नाही. पहिलीतली दोन-तीन पोरं इकडेतिकडे बघत होती.

तोंडारे सर पुढे आले. त्यांनी माइक घेतला नाही. शांभवीसमोर गुडघ्यांवर हात टेकून वाकले, तिच्या उंचीला आले, आणि मला वाटतं त्या क्षणी त्या माणसाला खरंच वाईट वाटत होतं. पण ते म्हणाले तेच, जे अशा वेळी सगळे म्हणतात.

"बेटा, मला माहीत नव्हतं."

शांभवीनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"मी सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "रोज सांगत होते."

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त राहिलेलं पूर्ण करत होती.

"आत्यालापण."